एका विम्याला तीन काजवाले

"आपला पैसा सोडवून आणणं म्हणजे काय, ते आता बघच तू!" असं बायकोला म्हणून शिंपीमास्तरांनी गळ्यातली टेप अशी काही झटकली, की समोरचं गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरलं.

दुकानासाठी कर्ज काढताना बँकेनं मास्तर आणि मास्तरीणबाई, दोघांच्याही गळ्यात एकेक विमा मारला होता. नोकरी गेली तर कर्जाचे हप्ते विमा भरणार! आता मास्तरांनी उभ्या जन्मात नोकरी केलेली नव्हती. ती जाणार कुठून? असे भलत्याच माणसांना विकलेल्या विम्यांचे पैसे बँकांनी परत करावेत असा हुकूम निघाला, आणि मास्तरांच्या अंगात वारं शिरलं.

मास्तरांच्या मशीनला मोटार होती, बाईंच्या नव्हती. पेडल मारून मारून बाईंचे गुडघे मशीनपेक्षा जास्त कुरकुरत. या पैशांतून मोटार यावी, एवढंच त्यांचं मागणं.

"अहो, बँकेत साधा अर्ज द्या. फुकट होतं म्हणे."

"फुकटाची टीप दोन धुण्यांत उसवते! हे तज्ज्ञांचं काम."

असे पैसे सोडवून देणाऱ्या कंपन्यांचे तज्ज्ञ फोनवर टपलेलेच होते. "आधी एक पैसा नको, साहेब! रक्कम मिळाली की पस्तीस टक्के आमचे, वर कर वेगळा." मास्तरांनी एका कंपनीला सही दिली. मग दुसरीला. मग तिसरीलाही!

"तीन-तीन कशाला?"

"अगं, घाईच्या दिवसांत आपण काय करतो? शर्टांना काजं करायला तीन काजवाल्यांना निरोप धाडतो. आधी येईल त्याला कपडे आणि मजुरी, बाकीचे दोघे चहा पिऊन परत! चुरस लागली की काम पळतं."

"काजवाले सही घेत नाहीत हो."

"तुझं आपलं काहीतरीच!"

बाईंनी मग आपल्या विम्यापुरता अर्ज लिहिला आणि भाजीला जाताना बँकेत देऊन आल्या.

मास्तर मात्र रंगात आले होते. फोन आला की गरजत, "दुसरे बाहीपर्यंत पोचले, तुम्ही अजून कॉलरलाच?" शेवटी बँकेचे साहेबच कळवळून म्हणाले, "मास्तर, तिघं एकाच विम्यासाठी आमचं डोकं खातायत. तुम्ही नेमके कोणाचे?"

"जो जिंकेल त्याचा!"

रक्कम आली. त्याच आठवड्यात बाईंचीही आली. "बघितलंस? माझ्या धाकानं तुझेही सुटले!"

मग बिलं आली. तिन्ही!

"अहो, पण आधी काम कोणी केलं?" मास्तरांनी फोनवर विचारलं.

"ते आम्हाला काय माहीत, साहेब? पैसे कुठल्याही मार्गानं मिळाले तरी आमची फी लागू. तुम्ही सही केलीय."

दुसरीनं तेच सांगितलं. तिसरीनं तर 'अभिनंदन' म्हणून सांगितलं!

पस्तीस त्रिक पाचोत्तरशे, वर कर! बटण लावायला दिलं, शर्टही गेला आणि वर दोऱ्याचे पैसे अंगावर!

संध्याकाळी बाई मोटार आणायला निघाल्या, तशी मास्तरांनी घसा खाकरला.

"नवी कशाला घेतेस? माझ्या मशीनचीच घे. घरातच राहील."

"केवढ्याला?"

मास्तरांनी आकडा सांगितला. बाईंनी मोटार उलटीपालटी केली, कानाशी धरून हलवली, आणि निम्मी किंमत सांगितली.

"निम्मी? अगं, नवरा आहे मी तुझा!"

"म्हणून तर निम्मी. दुसऱ्या कोणाची असती तर घेतलीच नसती. आवाज करते."

हल्ली बाईंचं मशीन भुर्रकन पळतं. शेजारी मास्तर घाम पुसत पेडल मारतात. कोणी विचारलंच, तर तितक्याच ऐटीत सांगतात, "पायाच्या टिपेची मजबुती मोटारीला कुठली! आम्ही मुद्दाम काढून टाकली!"

बाई मान वर करत नाहीत. मशीन तेवढं जरा जोरात सोडतात.