ओल्या चिंधीचा थर्मामीटर

मागच्या मे महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी, दुपारी दीड वाजता, मेडशीच्या शिवारात रोजाने आलेल्या वच्छलाबाईंवर अन्याय झाला. भुईमूग निंदता निंदता त्या कोसळल्या, आणि शेतमालक म्हणाला, "स्प्रिंकलरपाशी कोणाले ऊन लागते? नाटकं हायेत."

सगळ्यांत आधी तिथे पोहोचले आमचे शेजारी सुदामकाका. गळ्यात दोन थर्मामीटर. एक कोरडा, दुसऱ्याच्या बुडाला ओली चिंधी गुंडाळलेली. हा माणूस उन्हाळाभर असाच फिरतो. "कसे आहात?" विचारलं, की आधी चिंधीवर पाणी शिंपडतो, मग डोळे बारीक करून म्हणतो, "ओला अठ्ठावीस. बरा हाय."

एसटीत त्यांनी दोन्ही थर्मामीटर खिडकीला टांगले तेव्हा कंडक्टर म्हणाला, "काका, गाडीले ताप हाय काय?"

"गाडीले नाही, हवेले हाय. तू तिकीट फाड."

एका लग्नात हॉलची दारं-खिडक्या लावून चार कुलर सोडले होते. मंगलाष्टकं चालू, आणि काका खिडक्या उघडत सुटले. नवरदेवाचा मामा धावला. "काहून उघडता? गरम हवा येते ना."

"घाम वाळून राह्यला काय तुमचा? शर्ट पाहा."

मामाने पाहिला. पिळता आला असता. उरलेल्या खिडक्या मामानेच उघडल्या.

बंद खोलीत कुलर लावला की घाम वाळत नाही, हे आपल्याकडे पोरासोरांना कळतं. शिवाराचं मात्र शिकलेल्यांना कळत नाही. मेडशीपासून किन्हीराजापर्यंत उन्हाळी भुईमूग आणि दिवसभर फिरणारे स्प्रिंकलर. पारा थोडा उतरतो, हे खरं. पण हवेत दमटपणा चढतो, घाम वाळत नाही, अंगातली आग अंगातच राहते. घाम वाळेल की नाही, हे ओला थर्मामीटर सांगतो; पेपरात छापून येतो तो कोरडा आकडा. त्याच्या भरवशावर बायांना दुपारभर वाकवतात.

वच्छलाबाईंना काकांनी बांधावरच्या बाभळीखाली नेलं, अंगावर पाणी ओतून दुपट्ट्याने वारा घातला, दवाखान्यात पोहोचवलं. त्या वाचल्या. आठवड्याने मी काकांना म्हटलं, ग्रामसभेत येऊन हे शेतमालकांना सांगा. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"लोक येडा म्हणतात तेवढं पुरे. कमलले मीच बलावलं होतं."

कमल म्हणजे काकू. चार उन्हाळ्यांपूर्वी उष्माघाताने गेल्या, एवढंच गावाला ठाऊक होतं.

"थे कोरड्या वावरात धसकटं येचून राह्यली होती. मी म्हणलं, भुईमुगात ये, स्प्रिंकलरपाशी थंडं हाय. माह्यं कधी ऐके नाही. त्या दिवशी ऐकलं."

मग त्यांनी थर्मामीटरच्या चिंधीवर पाणी शिंपडलं.

काका सभेत येणार नाहीत, म्हणून हे मी लिहितो आहे. तुम्ही शेतमालक असाल तर उद्यापासून स्प्रिंकलरच्या वावरातून सकाळी अकराला बाया बाहेर काढा, पुऱ्या रोजावर. मालक नसाल, तर ज्याच्याकडे निंदण चालू आहे त्याला आत्ता फोन लावा आणि हेच सांगा.