सूनबाईच्या चाकाला म्हातारीची उटी

साहेब, तुम्ही घरं फोडता. तुम्ही म्हणजे कंपनीच्या कुठल्याशा काचेच्या केबिनमध्ये बसून ज्यांनी एका जुन्या दणकट गाडीचं नाव उचललं आणि नव्या गुळगुळीत गाडीला चिकटवलं, ते. तुमचं नाव मला ठाऊक नाही. असतं, तर इथे ठळक छापलं असतं. नवी गाडी काढायची तर खुशाल काढा. पण जाहिरातीत ‘तीच ती, फक्त आजची’ असं लिहिताना आमच्या अंगणाचा विचार केला होतात का?

वाचकहो, आमचं अंगण एका गाडीपुरतं आहे. तिथे वर्षानुवर्षं म्हातारी उभी असते. म्हातारी म्हणजे वडिलांची जुनी गाडी. वडील जमीनमोजणीच्या कामावर होते आणि या गाडीने त्यांना असल्या असल्या डोंगरांवर नेलंय, जिथे शेळीसुद्धा दोनदा विचार करून जाते. दारं नाहीत, छप्पर कापडाचं, हँडब्रेक शोभेचा. म्हणून आमच्या घराण्यात एक रीत आहे : चढावर गाडी थांबली की आधी उतरायचं आणि चाकामागे दगड लावायचा. त्याला उटी म्हणतात. आमच्या उटीचा दगड ठरलेला, सीटखाली ठेवलेला. चालवायला शिकायच्या आधी मी उटी लावायला शिकलो. ही गाडी माझ्याइतकी कुणाला कळत नाही, हे मी छातीठोकपणे सांगत आलोय.

आणि धाकट्या भावाने त्याच नावाची नवी गाडी आणली. माझ्या बायकोने तिचं नाव ठेवलं सूनबाई, कारण आल्या दिवसापासून ती प्रत्येक गोष्टीत सूचना करत होती.

“दादा, हिला रस्ता सांगायचा फक्त,” धाकटा म्हणाला. “चिखल, वाळू, दगड. बटण फिरवलं की ती तशी वागते.”

“आणि रस्ता कोण बघतं?”

“चारी बाजूंना कॅमेरे आहेत.”

“आम्हाला मान आहे. बाहेर काढली की दिसतं.”

“तुझ्या म्हातारीत पाऊस आत येतो, दादा.”

“येतो तसा जातोही. खाली भोकं आहेत.”

हा वाद जेवणाच्या ताटावर चालला, दाढी करताना चालला, बंद बाथरूमच्या दारातूनही चालला. शेवटी बायकोने निकाल दिला, “अंगणात एकच राहील. दोन्ही ठेवल्यात तर मी कपडे काय तुमच्या डोक्यावर वाळत घालू?”

धाकट्याने तेवढ्यात भंगारवाल्याला बोलावून आणलं. त्या गृहस्थाने म्हातारीच्या बॉनेटवर बोटांनी टकटक केलं, कान लावला, डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं आणि “रविवारी नेतो” म्हणून निघून गेला. ज्या गाडीत बसून मी पहिल्यांदा डोंगरमाथा पाहिला, तिचे रविवारी पत्रे होणार होते.

शनिवारी सकाळी वडिलांनी चहाचा कप खाली ठेवला.

“टेकडीवर माझा मोजणीचा दगड आहे. गुडघ्यांमुळे बरीच वर्षं गेलो नाही. तिथवर आधी पोचेल ती गाडी अंगणात. दुसरी जाईल.”

“चला, बाबा,” मी उठलोच.

“थांब. तू त्याची चालवायची, त्याने तुझी. आपलं लेकरू सगळ्यांनाच शहाणं वाटतं.”

सूनबाई चालवायची आणि तिला हरवायचंही. मी म्हणालो, “डोळे मिटून चालवीन.” म्हटलं खरं, पण आत बसलो तर किल्ली घालायला भोकच नाही.

“ती खिशात ठेव. तिचं तिला कळतं,” धाकट्याने सांगितलं.

मी किल्ली खिशात घातली. आणि सवयीने म्हातारीच्या सीटखालचा दगड काढून सूनबाईत ठेवला. असल्या बटणांच्या गाडीवर माझा काडीचा विश्वास नव्हता. तो दगड म्हातारीला लागेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. हे वाक्य लक्षात ठेवू नका.

पुढे म्हातारीत धाकटा, मागे सूनबाईत मी आणि शेजारी वडील. सूनबाई अखंड बोलत होती. पट्टा लावा. अंतर ठेवा. आपण थकलेले दिसता, विश्रांती घ्या.

“तुझी आई असंच बोलायची,” वडील म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, हे मला खटकलं.

माथा हाकेच्या अंतरावर असताना पुढे म्हातारी थांबली. वाटेत एक वाळलेली फांदी आडवी होती. धाकटा ब्रेकवरचा पाय काढून शांतपणे उतरला आणि फांदीकडे निघाला. त्याच्या गाडीतून उतरलं की गाडी आपणहून जागच्या जागी थांबते. आयुष्यात कुठलीच गाडी पळून जात नाही, अशी त्याची समजूत झालेली.

त्याच क्षणी मी काय करत होतो? दगड घेऊन खाली उतरलो होतो, सूनबाईला उटी लावायला. तिने मागच्या बाजूला दगड पाहिला आणि टी-टी-टी करून ओरडायला लागली. मी चार पावलं बाजूला झालो, तशी खिशातली किल्लीही तिच्यापासून लांब गेली आणि तिने खट्‌ खट्‌ दारं लावून घेतली. आत वडील.

मी वर पाहिलं. म्हातारी उलटी येत होती. आत कुणी नव्हतं. कापडी छप्पर फडफडत, सगळे पत्रे खडखडवत ती थेट सूनबाईच्या नाकावर येत होती.

“बाबा, उतरा! बाबा!”

काच बंद. आत त्यांना माझा आवाज जात नसावा. त्यांनी हसून हात हलवला.

मी किल्लीवरचं बटण दाबलं. मागचं डिकीचं दार उघडलं. दुसरं दाबलं, दिवे लुकलुकले. तिसरं दाबलं तर दोन्ही आरसे मिटले, माणूस घाबरून डोळे मिटतो तसे. धाकटा म्हातारीच्या पुढच्या बंपरला धरून तिला वर ओढत होता आणि खरं तर तिच्याबरोबर घसरत येत होता.

“दादा, उटी कुठेय?”

उटी माझ्या हातात होती.

मी दगड घेऊन म्हातारीवर धावलो. पण चाक माझ्या पुढ्यात यायच्या आत तिने एक हिसका खाल्ला, डावीकडच्या जुन्या चाकोरीत उतरली, सूनबाईच्या अगदी कानाजवळून गेली आणि खालच्या सपाटीवर मुरमाच्या ढिगाला पाठ टेकून उभी राहिली. एक चरा नाही. मी हातातला दगड खाली ठेवला आणि त्यावरच बसलो. धाकटा माझ्या शेजारी बसला. आम्ही दोघं एकमेकांचे हात धरून होतो. असे आम्ही लहानपणी तापात असताना बसायचो.

मग सूनबाईचं दार उघडलं आणि वडील काठी टेकत उतरले.

“बाबा, दार उघडत होतं?”

“आतून उघडतं की. हँडल ओढायचं.”

“मग उतरला का नाहीत?”

“पाठीला मस्त शेक मिळत होता. त्या सीटला आतून ऊब येते, माहीत होतं तुला?” मग त्यांनी म्हातारीकडे पाहिलं. “मी रोज तिथेच लावायचो तिला. अजून लक्षात आहे तिच्या.”

त्या चाकोरीचा उतार तिकडेच जातो, हे मला दिसत होतं. पण वडिलांना ते सांगणारा मी कोण?

माथ्यापर्यंत शेवटी कुठलीच गाडी पोचली नाही. आम्ही दोघांनी वडिलांना दोन्हीकडून धरून नेलं. मोजणीचा दगड जागेवर होता. वडिलांनी त्यावरची धूळ तळहाताने पुसली.

“आता अंगणाचं काय?” मी घाबरत घाबरत विचारलं.

“म्हातारी आत. सूनबाई बाहेर गल्लीत.”

“बाबा, नवीकोरी गाडी गल्लीत?” धाकटा रडकुंडीला आला.

“तिला कुणी बोट लावलं तर ती सगळी गल्ली उठवते. म्हातारीला कुणी ढकलत नेलं तरी ती हूं की चूं करणार नाही. आज पाहिलंत ना.”

“आणि बाबा, नवी ती जुनीसारखी आहे का?” मी विचारलं.

“जुनीला मी सांभाळायचो. ही मला सांभाळते. माझं वय झालं, तिचा काय दोष?”

असं म्हणून ते घरी परतायला सूनबाईत जाऊन बसले. रविवारी बायकोने भंगारवाल्याला दारातूनच वाटेला लावलं आणि धुतलेल्या चादरी म्हातारीच्या छपरावर पसरल्या.

तेव्हा साहेब, नावाचं भांडण मी तूर्त सोडतो. पण तुमची सुटका नाही. मला एका प्रश्नाचं सरळ उत्तर हवं आहे. ती पाठ शेकणारी सीट सुटी मिळते का? म्हातारीत बसवायची आहे. वडील माझ्या मागे लागलेत आणि या वयात त्यांना ताटकळत ठेवणं बरं नाही. बोला.