दहा मोजणाऱ्या मॅडम

सुनंदा मॅडमच्या स्कूटीवर मागे बसायचं तर उशीर होणार हे धरूनच बसावं लागतं. मागच्या महिन्यात आम्ही जरीपटक्याच्या बाजारातून भाजी घेऊन येत होतो. माझ्या मांडीवर मेथीच्या दोन जुड्या. सिग्नलला शेजारच्या मोटरसायकलवर सहा-सात वर्षांची एक मुलगी बापाच्या पुढ्यात बसून समोरच्या दुकानाची पाटी वाचत होती. "गा... गादी... भं..." तिथे ती अडली. बाप सांगणार, एवढ्यात मॅडमनी हात आडवा केला.

"सांगू नका!"

"काय झालं जी?" बाप दचकला.

"ती वाचून राहिली. तुम्ही मनात दहा मोजा."

"ओ मॅडम, सिग्नल सुटला ना!"

"सिग्नल पुन्हा येते. मोजा."

मागे हॉर्न वाजायला लागले. एक ऑटोवाला ओरडला, "ओ मावशी, घरी नेऊन शिकवा ना पोरीले!" मी मेथीमागे तोंड लपवलं. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "भंडार!"

"कसं समजलं तुले?" मॅडमनी विचारलं.

"आमच्या गल्लीत किराणा भंडार आहे ना, त्याच्यातलाच भं आहे हा."

घरी येईपर्यंत मॅडमचा चेहरा असा, की जणू त्यांनाच बक्षीस मिळालं.

मॅडम विद्यापीठात शिकवतात. लहान मुलांना वाचायला-लिहायला कसं शिकवायचं, हे शिक्षक होणाऱ्या मुलामुलींना शिकवणं हे त्यांचं काम. मी आठ वर्षांपासून त्यांच्याकडे स्वयंपाक करते. त्यांचा एकच हट्ट आहे. अडलेल्या मुलाला शब्द सांगायचा नाही, दहा मोजायचे आणि थांबायचं. "आपण सांगितला की शब्द आपलाच राहते, त्याचा होत नाही," असं त्या म्हणतात.

एकदा खालच्या मजल्यावरच्या छोट्या पिंटूने आमच्या नव्याने रंगवलेल्या भिंतीवर कोळशाने रेघोट्या ओढल्या. त्याची आई माफी मागायला आली, हातात ओलं फडकं. मॅडमनी फडकं काढून घेतलं.

"पुसू नका. त्यानं पत्र लिहिलं आहे."

"पत्र? कोणाले?"

"ते त्याचं अजून ठरलं नाही."

भिंत अजून तशीच आहे.

त्यांचे विद्यार्थी कधी कधी घरी येतात. मॅडम त्यांच्यापुढे तमिळचं पान ठेवतात आणि म्हणतात, वाचा. कॉलेजातली मोठमोठी पोरं घामाघूम होतात. एकाने तर माझ्याकडे तीनदा पाणी मागितलं. मग मॅडम शांतपणे सांगतात, "पहिलीतलं पोरगं रोज असं बसते. आणि तुम्ही त्याच्यावर ओरडता."

मागच्या दिवाळीनंतर साहेबांच्या, म्हणजे मॅडमच्या नवऱ्याच्या, मेंदूत गुठळी झाली. लुळा पडलेला हात सुधारला, गेलेलं बोलणंही परत आलं. वाचणं मात्र गेलं. "अक्षरं दिसतात, पण ओळख देत नाहीत," असं ते म्हणायचे. आता या घरात तीस वर्षांपासूनची रीत अशी, की सकाळच्या चहाला साहेब पेपर मोठ्याने वाचणार आणि मॅडम ऐकणार. मॅडमनी स्वतः पेपर कधी उघडलाच नाही. डॉक्टर म्हणाले, सराव करा, येईल किंवा येणारही नाही.

मॅडम पेपर घेऊन साहेबांजवळ बसल्या. साहेब पहिल्या शब्दाला अडले आणि मॅडमनी शब्द सांगून टाकला. दुसऱ्याला अडले, तोही सांगितला. दोनपर्यंतसुद्धा मोजणं झालं नाही. पाचव्या दिवशी साहेबांनी पेपर आपटला. "तूच वाच मग!"

त्यानंतर पेपर यायचा आणि रबर न काढताच कोपऱ्यात पडायचा. चहा मुकाट्याने व्हायचा.

मी धीर करून विचारलं, "मॅडम, तुम्ही तर दहा मोजता ना?"

मी पुसलेला ओटा त्या पुन्हा पुसत होत्या. "पोरगं अडलं की मले माहीत असते, त्याले येणार आहे. यांचं मले माहीत नाही वं." मग फडकं पिळत म्हणाल्या, "तू बस त्यांच्याजवळ."

"मी? मी चौथी शिकली जी."

"तुले घाई नाही. बस."

काय करायचं ते त्यांनीच सांगितलं. पेपर नको. साहेब जे बोलतील ते कॅलेंडरच्या मागे मोठ्या अक्षरात लिहायचं आणि तेच त्यांना वाचायला द्यायचं. मी साहेबांना विचारलं, आज भाजी काय करू? साहेब म्हणाले, "आज वांगी नको." मी लिहिलं. साहेब बघत बसले. मला काही सुचेना, म्हणून मी लसूण सोलायला घेतला. अख्खा गड्डा सोलून झाला तेव्हा साहेब म्हणाले, "आज... वांगी..." आणि हसून, "नको!" त्या दिवशी भाजीत फार लसूण पडला.

दोन महिने असेच गेले. आम्ही बसलो की मॅडम गॅलरीत जायच्या आणि वाळलेले कपडे पुन्हा वाळत घालायच्या.

मागच्या आठवड्यात साहेबांनी स्वतःच पेपरचं रबर काढलं. हाक मारली, "सुनंदा, ये." मॅडम चहा घेऊन बसल्या. साहेबांनी मोठ्या बातमीखाली बोट धरलं. "उद्या... शहरात... पाणी..." आणि अडले. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी चहाचा मोठा घोट घेतला होता आणि तो त्या गिळतच नव्हत्या. गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी. चहा चांगलाच गरम होता.

"नाही," साहेब म्हणाले. "उद्या शहरात पाणी नाही." घाम पुसून त्यांनी पेपरची घडी घातली. "बाकीचं उद्या."

मॅडमनी घोट गिळला.

दुपारी शेजारच्या काकू विचारायला आल्या, पाणी कोणत्या भागात येणार नाही? मॅडम म्हणाल्या, माहीत नाही. काकू गेल्यावर मी म्हटलं, "मॅडम, पेपर तिथंच आहे. पाहून घ्या ना."

"काहून? उद्या सांगणार आहेत ना ते."

दुसऱ्या दिवशी आमच्याच नळाला पाणी नव्हतं आणि घरात एकही बादली भरलेली नव्हती. मी हातपंपावरून दोन कळश्या घेऊन वर आले, तेव्हा साहेब कालच्याच पेपरची पुढची ओळ वाचत होते. तिच्यात आमच्या भागाचं नाव होतं. मॅडम ते अशा ऐकत होत्या, की जणू त्यांना हे आत्ताच कळतंय.