कर्णिककाकांचं परराष्ट्र धोरण

सकाळी पेपर मागायला गेलो, तर शेजारचे कर्णिककाका बनियन-पायजम्यात ताठ उभे. लॅपटॉपवर कुठलंसं राष्ट्रगीत वाजत होतं. मी तोंड उघडणार तोच त्यांनी डोळ्यांनी दटावलं. गीत संपल्यावर म्हणाले, "अबखाझियाचं होतं. त्यांची मॅच बघतोय."

"हा कुठे आला देश?"

"शाळेच्या नकाशात शोधू नकोस, मिळणार नाही. म्हणून तर कुणीतरी उभं राहायला हवं!"

जगाने ज्यांना देश मानलेलंच नाही, अशा देशांच्या फुटबॉल टीम म्हणजे काकांचा जीव की प्राण. "अकरा पोरं, एक जर्सी, एक गाणं. देश म्हणायला आणखी काय लागतं रे?" रिटायर झाल्यापासून ठाण्यात टेंभी नाक्यावरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते सोमालीलँडची बाजू वॉचमनलाही पटवून देतात. वॉचमन बिचारा लगेच मान्यता देतो.

मान्यता अडली होती ती फक्त डोंबिवलीत. मुलगी मेघनाने काकांना न विचारता रूपेशशी कोर्टात लग्न केलं, तेव्हापासून जावयाचा उल्लेख 'डोंबिवलीची राजवट' असा. काकू अधूनमधून डबे भरून लेकीकडे जातात. त्यावर काकांचं अधिकृत निवेदन: "व्यापारी संबंध आहेत. राजनैतिक नाहीत."

"अहो काका, नात शाळेत जायला लागली तुमची," मी एकदा म्हटलं.

"वस्तुस्थिती वेगळी आणि मान्यता वेगळी."

अबखाझियाचा विषय मी मुद्दामच काढला नाही.

मागच्या रविवारी नातीची, म्हणजे ईराची, फुटबॉल मॅच बाळकुमच्या टर्फवर होती. काकूंचा गुडघा सुजलेला. "तुम्ही तरी जा हो," त्या म्हणाल्या. काकांनी मोबाइलवर नकाशा उघडला. मग म्हणाले, "बाळकुम ना आपलं, ना त्यांचं. तटस्थ मैदान आहे. निरीक्षक म्हणून जायला हरकत नाही." सोबतीला मला घेतलं. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. निरीक्षकाच्या मानाने तो जरा जास्तच झाला होता.

ईराने गोल मारला आणि निरीक्षक जाळी धरून बेंबीच्या देठापासून ओरडले. मेघनाला ड्युटी होती, पलीकडे रूपेश एकटाच होता. त्याने लांबूनच नमस्कार केला. काकांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

मॅच संपल्यावर ईरा बाटली घ्यायला आमच्या बाजूला धावत आली. कोच हसून म्हणाला, "अरे वा, आज आजोबापण आलेत तुझे?"

तिने काकांकडे नीट पाहिलं. आजीच्या मोबाइलमधल्या फोटोंवरून तिने ओळखलं असावं.

"आजोबा नाहीत सर. ते आईचे बाबा आहेत."

त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. तिला जे ठाऊक होतं ते तिने सांगितलं आणि बाटली घेऊन पळाली. काका हसायला गेले, पण जमेना. त्यांची चेष्टा करायची मला भारी हौस, पण त्या क्षणी मी बुटाची नाडी बांधायला वाकलो.

काकांनी शर्टाची कॉलर सारखी केली. मग टर्फला वळसा घालून पलीकडे निघाले. मी मागोमाग.

"जावईबापू," काका म्हणाले.

रूपेशने आधी मागे वळून पाहिलं, आणखी कोणी उभं आहे का ते.

"तुमची हरकत नसेल तर... तिला सांगाल का, मला आजोबा म्हणायला?"