कुलूपबंद कुंडी

कुलूप आणि नोंदवही, या दोन गोष्टींत माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय! बावीस वर्षं कारखान्याचं गोदाम सांभाळतोय. सहीशिवाय खिळासुद्धा बाहेर गेलेला नाही. म्हणून लेक म्हणाली, "बाबा, ही कुंडी दोन दिवस कपाटात कोंडायची. मिट्ट काळोख हवा," तेव्हा मी छाती फुगवून म्हटलं, "कोंडली समज!"

शाळेच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदाच बोलणार होती. एरवी चारचौघांत तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. विषय होता, पान अन्न कसं बनवतं हे शास्त्रज्ञांनी कसं शोधलं. अंधारात पानातला साठलेला स्टार्च संपतो. मग पानावर काळी पट्टी लावून कुंडी उन्हात ठेवायची. नंतर आयोडीन टाकलं की ऊन लागलेला भाग निळाकाळा होतो, पट्टीखालचा नाही!

"एका शास्त्रज्ञानं तर रोप वाढवून पाच वर्षांनी माती तोलली, बाबा. आपल्याला दोनच दिवस कळ काढायचीय."

मी रजाच टाकली. लेक शाळेत गेली आणि माझी आई आली.

"अरे, मुक्या जिवाला काय कोंडतोस? तासभर तरी खिडकीत ठेव."

"आई, हे शास्त्र आहे!"

"तुला मी कधी कोंडलं होतं का?"

काढली कुंडी बाहेर! वहीत लिहिलं: बाहेर अकरा, आत बारा. आईची सही घेतली.

दुसऱ्या दिवशी बायको चादर काढायला आली. "अहो, कशी मान टाकलीय बिचाऱ्यानं!" आणखी दोन तास. सही.

तिसऱ्या सकाळी लेक फलक लावायला लवकर गेली. कुंडी मी पोचवायची होती. कपाटातून आवाज येत नव्हता, तेच मला सहन होईना! सात ते दहा, गच्चीवर उन्हात बसलो दोघं. सही माझी. कारण: राहवलं नाही.

मग कुंडी शाळेत पोचवली; लेकीनं पानावर पट्टी लावून ती उन्हात ठेवली. दुपारी परीक्षकांसमोर लेक न अडखळता बोलली. पान उकळलं, स्पिरिटमध्ये गरम करून हिरवा रंग घालवला, आयोडीन टाकलं. पट्टीखालचा भागही काळाठिक्कर!

"पण... ते दोन दिवस अंधारात होतं," ती पुटपुटली. डोळे भरून आले तिचे. गप्प बसलो असतो तर सगळा दोष पोरीवर गेला असता. मी वही पुढे केली.

तिनं वाचली. नाक पुसलं. आणि खणखणीत आवाजात सगळ्यांना वाचून दाखवली, माझ्या कारणासकट! परीक्षक बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या आणि म्हणाल्या, "फसलेल्या प्रयोगाची इतकी चोख नोंद मी पहिल्यांदाच बघतेय."

लेकीनं ते पान वहीतून फाडून फलकावर लावलं. खाली लिहिलं: 'निष्कर्ष: ऊन मिळालं की पान अन्न बनवतं. खोटं वाटत असेल तर माझ्या बाबांना विचारा.'

बक्षीस मिळालं तिला, उत्तेजनार्थ का होईना! कपाटाची किल्ली मात्र आता तिच्याकडे असते. परवा मला रुमाल हवा होता, तर आधी सही करावी लागली!