कथांच्या पेटीची पारख जाहली ती हकीकत

श्रीशारदेचे चरणी मस्तक ठेवून, आणि ज्या कोणी प्रथम म्हाताऱ्यांच्या तोंडची गोष्ट ऐकून "मग पुढे काय" ऐसे विचारिले त्या अनाम मुलीस दंडवत घालून, हे वर्तमान लिहिले आहे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, ते दिवशी एका राज्यात कथांची एक पेटी आली. राज्याचे नाव लिहिण्याची परवानगी नाही, सबब लिहिले नाही. त्या पेटीपायी दरबारात जे घडले ते पदरचे काही न घालता जसेचे तसे उतरिले आहे.

राज्याचा रिवाज ऐसा की, बाहेरून ग्रंथ आला म्हणजे तो थेट ग्रंथशाळेच्या फळीवर चढत नसे. आधी दरबारचा पारखी तो वाची, आणि त्यात जे जे खोटे असेल त्याची पानवार याद करोन शपथेवर दाखल करी. यादीत आले ते खोटे, यादीत नाही ते खरे, ऐसा कायदा. हा कायदा पूर्वी वैद्यकीच्या पोथ्यांकरिता केला होता, कारण एका पोथीत सोमलाची मात्रा चुकली होती आणि एक अख्खे गाव आजारी पडले होते. ते समयी पारखीपदावर वेणूबाई होत्या. वय वर्षे तेवीस, विद्या रसशाळेतली, आणि स्वभाव ऐसा की कोणी "चिमूटभर घाला" म्हटले तर "कोणाची चिमूट" ऐसे विचारीत. कोणाचा अपमान करावा हा हेतू नसे. खरोखरीच जाणून घ्यावयाचे असे.

पेटी राणीसाहेबांनी मुलींच्या पाठशाळेकरिता मागविली होती. आत सत्तावीस कादंबऱ्या, सगळ्या वाढत्या वयाच्या वाचकांकरिता रचिलेल्या, वेष्टणांवर चमकीची अक्षरे, आणि प्रत्येकीत कोणी एक मुलगी, जीस मंत्रविद्या येते. काहींत जुन्याच गोष्टी नव्याने सांगितल्या होत्या. राक्षसाचा जीव पोपटात आहे हे सर्वांस ठाऊक, परंतु येथे राक्षसाच्या कोठडीतली राजकन्या कोणा राजपुत्राची वाट पाहात बसत नाही, तर त्या पोपटास रोज डाळ घालून स्वतः बोलते करिते. नावडतीची गोष्ट होती, तीत नावडतीची लेक आवडतीच्या लेकीस घेऊन राज्याबाहेर निघते. हे पाहोन गिरमाजी अनंत दफ्तरदार, वय सत्तरीचे, दरबारात उभे राहिले आणि बोलिले, "राणीसाहेब, ही पेटी परत पाठवावी. यांतली विहिरीची लेक म्हणोन जी कादंबरी, तिची दहा पाने मी वाचिली आणि ठेवून दिली. भातात खडा लागला तर सगळा भात कोण चावतो? पोरी हे वाचून घुबडांशी बोलू लागतील." राणीसाहेब म्हणाल्या, "घुबडांशी बोलतील तर घुबडांचे कल्याण होईल. रिवाजाप्रमाणे पारख होऊ द्या. नमुन्याकरिता हीच कादंबरी घ्या. ती टिकली तर पेटी राहिली, नाहीतर सगळी सीमेपार." आणि पेटी रसशाळेत रवाना जाहली.

मग वेणूबाई कामास लागल्या. एका अंगास चुलीवर काढा ठेविला, तो चौथाई उरेतो आटवावयाचा होता, आणि एका अंगास विहिरीची लेक उघडिली. पान तीन, घुबड बोलते, घुबडास तैसा कंठ नाही. पान नऊ, मुलगी दीड हात उंच तरंगते, तिचे वजन कोठे गेले ते लिहिले नाही. ऐसे करीत चाळीस पानांत एकसष्ट खोटी नोंदविली आणि मनात म्हटले की सायंकाळपर्यंत काम उरकेल. मग पान एकेचाळीस आले. त्या पानी सावरी नामे पाणक्याची लेक, गावचे पाणी आटले म्हणोन, जुन्या विहिरीच्या काठी जाते आणि पाणी मागते, आणि विहीर विचारिते, "काय देशील?" सावरी बांगड्या देऊ करिते, विहीर घेत नाही. केस देऊ करिते, घेत नाही. अखेर ती आपले हसू देते, आणि पाणी वर येते, आणि सारे गाव हसत नाचत असता ती एकली सुकल्या तोंडाने उभी राहते. ते वाचिले आणि वेणूबाईंची लेखणी जी थांबली ती थांबली. कादंबरी संपली तेव्हा काढ्याचा कोळसा जाहला होता आणि रसशाळेत धूर कोंडला होता. मग राक्षसाची कोठडी वाचिली, मग नावडतीची लेक वाचिली, आणि अकरा दिवसांत सत्तावीसही पुऱ्या केल्या. बाराव्या दिवशी दरबारातून बोलावणे आले तेव्हा याद तशीच उचलिली आणि मोहोर करोन दाखल केली.

दरबारी याद वाचिली गेली आणि पान चाळिसास संपली. कादंबरीची पाने तीनशे बारा. कायदा कायदाच, सबब पुढील दोनशे बहात्तर पानांत जे लिहिले ते या राज्यात खरे ठरले, आणि डांगोरा पिटणारा बाहेर ढोल घेऊन हुकुमाची वाट पाहू लागला. राणीसाहेबांनी कादंबरी मध्येच उघडून विचारिले, "पान एकशे बारा, मुलगी आपली सावली विहिरीस देते आणि बगळी होऊन उडते. हे खरे?"

"नाही, राणीसाहेब."

"मग यादीत का नाही?"

"लिहावयाचे राहिले."

"कारण?"

वेणूबाईंपाशी सबबी पुष्कळ होत्या, परंतु त्यांतली एकही खरी नव्हती. मग बोलिल्या, "पुढे काय होते ते पाहावयाचे होते."

दरबारात हशा जाहला. गिरमाजीपंत म्हणाले, "उद्या रसशाळेत सोमल तोलताना पुढे काय होते ते पाहू नका म्हणजे पावलो." वेणूबाईंस हे लागले, आणि त्याहून अधिक हे लागले की त्यांच्याच यादीतल्या एकसष्ट खोट्यांपायी पेटी जाणार आणि पाठशाळेतील एकाही मुलीस ते एकेचाळिसावे पान मिळणार नाही. मग त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मजकडून चूक जाहली, शिक्षा द्यावी. परंतु एक अर्ज आहे. दूध गजाने मोजिले आणि कापड शेराने मोजिले तर दोन्ही खोटी ठरतील, आणि दोष दुधाचा नव्हे, कापडाचाही नव्हे. ही कादंबरी आपले माप आपणच सांगते. मंत्र जितके देईल तितके घेईल, आणि घेतलेले परत देणार नाही, ऐसे विहीर बोलून चुकली. त्या मापाने तोलावी. मी पुन्हा ओळ ओळ तपासते." राणीसाहेबांस हे पटले आणि त्यांनी आठ दिवसांची मुदत दिली. गिरमाजीपंत तात्काळ बोलिले, "ठीक. परंतु तिच्याच मापाने एक खोट निघाली तरी पेटी सीमेपार. कबूल?" राणीसाहेब म्हणाल्या, "कबूल." वेणूबाईही म्हणाल्या, "कबूल," आणि त्यांच्या मनात किंचितही भीती नव्हती.

मग आठ दिवस तपासणी जाहली. एका कागदावर दोन रकाने आखिले, सावरीने काय दिले आणि काय मिळविले, आणि प्रत्येक मंत्र तोलिला. जो जो तोलावे तो तो आदर वाढला. चमकीच्या वेष्टणामुळे जिला हलकी म्हणावे ती रचना रसशाळेच्या तराजूस लाजवील ऐसी काटेकोर होती. सावली दिली तर पुढे शंभर पाने सावरी कोठेही उन्हात उभी राहते तेथे जमीन उजळच राहते, लेखिकेचा एकदाही विसर नाही. आणि हे सारे हिशेब मांडूनही मुलगी मुलगीच राहते, रागावते, चुकते, बहिणीशी भांडते, आणि पुन्हा विहिरीकडे चालू लागते. वेणूबाईंस वाटले की आपण सोळा वर्षांच्या असता हे हाती पडते तर बरे होते, तेव्हा शिकण्याच्या हट्टापायी आपण काय काय देऊन बसलो हे सांगावयास आपणांस शब्द मिळते. मग सातव्या दिवशी पान दोनशे बारा आले आणि तेथे लिहिले होते, "आणि सावरी हसली."

वेणूबाईंनी मागे जाऊन एकेचाळिसावे पान पाहिले. हसू दिले, परत मिळणार नाही. पुन्हा दोनशे बारा पाहिले. हसली. ऐसे सात वेळा केले आणि अक्षर बदलले नाही. हातातली लेखणी खाली ठेविली. एवढी ओळ न लिहिली तर कोणास कळणार होते? दरबारात दुसऱ्या कोणी तेथवर वाचिल्याचे त्यांस ठाऊक नव्हते. परंतु एकदा गाफिलीने याद अपुरी राहिली ती चूक होती, आणि दुसऱ्यांदा जाणून राहिली तर ती चूक नव्हती, लबाडी होती. आणि सावरीने विहिरीस कधी फसविले नव्हते. वेणूबाईंनी ओळ लिहिली, एकच, आणि मोहोर केली.

आठव्या दिवशी दरबार भरला. वेणूबाईंनी याद स्वतः वाचिली. "एकूण खोट एक. पान दोनशे बारा. सावरीने हसू विहिरीस दिले असता ती हसते. हसू कोठून आले त्याचा खुलासा नाही." इतके म्हणोन मान खाली घातली. राणीसाहेब शब्द देऊन चुकल्या होत्या, त्यांनी शिपायांस खूण केली. शिपाई पेटी उचलावयास पुढे आले.

तेव्हा गिरमाजीपंत दफ्तरदार बोलिले, "हे चूक आहे."

"काय चूक आहे, पंत?" राणीसाहेबांनी विचारिले.

"याद चूक आहे. पान दोनशे नऊ पाहावे. पोर तीन कोस चालून आली, तहान लागली म्हणोन त्याच विहिरीचे पाणी ओंजळभर प्याली. आणि विहीर पूर्वीच बोलली होती की, माझे ते माझ्या पाण्यात राहील. ते हसू पाण्यातले आहे. एक ओंजळ, एक हसू. नंतर पुस्तक संपेतो ती पुन्हा हसत नाही, हवे तर मोजावे. मी मोजिले आहे." इतके बोलून पंत थांबले आणि त्यांच्या ध्यानात आले की सारा दरबार त्यांच्याकडे पाहात आहे.

राणीसाहेब म्हणाल्या, "पंत, आपण दहा पाने वाचिली होती ना?"

"तक्रार करावयाची म्हणजे पुरते वाचावे लागते," पंत म्हणाले. "दोनदा वाचावे लागले. पोथी खोटी आहे, हे माझे म्हणणे कायम आहे. परंतु त्या पोरीवर नाहक आळ घेतलेला मज चालणार नाही."

वेणूबाईंनी कादंबरी उघडिली. दोनशे नऊ, ओंजळ. दोनशे बारा, हसू. मधल्या पानांवर पाणी पोटात. मग पुढची पाने एक एक करोन पाहिली, दरबार खोळंबला तरी पाहिली, आणि कोठेही दुसरे हसू नव्हते. सारे बरोबर जुळले होते, आणि आठ दिवस रकाने आखून बसलेल्या पारखीच्या नजरेतून ते सुटले होते. मग त्यांनी लेखणी मागितली, यादीतील ती एक ओळ खोडिली, खाली लिहिले, "पारखीची चूक," आणि कागद पुढे केला. लिहिताना त्या हसत होत्या. राणीसाहेबांनी कोऱ्या यादीवर मोहोर केली आणि शिपायांनी पेटी उचलिली ती ग्रंथशाळेकडे नेली. दरबारातून निघता निघता पंत वेणूबाईंस हळूच म्हणाले, "बाई, त्या नावडतीच्या लेकीचा दुसरा भाग पेटीत आहे काय? पहिला फार वाईट जागी तोडिला आहे."

"आहे, पंत. परंतु तो आधी मुलींना."

"मुलींना किती दिवस लागतील?"

"रडण्याचे धरून चार."

एवं पेटी राहिली, मुलींनी वाचिली, घुबडांशी कोणी बोलल्याचे ऐकिवात नाही. पारखीच्या पदरी एक चूक पडली, आणि वेणूबाई पुढे सांगत की आयुष्यात इतकी सुखाची चूक दुसरी जाहली नाही. जाणिजे, वर्तमान समाप्त.