यंत्र, लोखंडी, एक नग

सतरा वर्षं सरकारी नोकरी करून ज्याच्या टेबलावरून एकही कागद गहाळ झालेला नाही, असा माणूस आमच्या तालुक्यात एकच. तो म्हणजे मी, हेमकांत, वरिष्ठ लिपिक! वस्तू कुठे ठेवायची, कधी काढायची आणि कुणाच्या नजरेला पडू द्यायची नाही, यात माझा हात धरणारा कुणी नाही, असं मी परवापर्यंत चारचौघांत छातीठोकपणे सांगत असे. आता सांगत नाही. खरं तर आता काहीच सांगावंसं वाटत नाही, पण तुम्ही आपले, म्हणून सांगतो.

मला एक छंद आहे. टेबलावर खेळायचे युद्धाचे खेळ असतात. दोघं जण समोरासमोर बसतात, बोटभर उंचीचे सैनिक मांडतात, फासे टाकतात आणि हजारो वर्षांनंतर होणारी लढाई आजच लढून घेतात. मी खेळत नाही. आमच्या प्रकाशा गावात माझ्याशी खेळणार कोण? केळीच्या बागेतून दमून आलेल्या चुलतभावाला एकदा समोर बसवलं, तर तो फासे मुठीत धरूनच घोरायला लागला! मी नुसता रंगवतो.

गेले चौदा महिने मी एकच गोष्ट रंगवत होतो. दीड फूट उंचीचं युद्धयंत्र! दोन जाडजूड पाय, हातांच्या जागी दोन तोफा, छातीवर कवटी. सगळं प्लॅस्टिक, दोनशे तुकडे चिकटवून उभं केलेलं. पण यातली खरी कला रंगाची नसते, गंजाची असते! नवंकोरं यंत्र कुणीही रंगवेल. ते शंभर लढाया मारून आलंय असं दिसलं पाहिजे. कडांचे टवके उडालेले, तोफेच्या तोंडाला काजळी, सांध्यांतून ओघळलेलं तेल, आणि गंज! गेरू वस्त्रगाळ करून, पाण्यात पातळ करून, तीन केसांच्या ब्रशने मी तो एकेका खिळ्याभोवती सोडला होता. तीनशे चाळीस खिळे आहेत. मोजलेत मी.

माझ्या बायकोला, दिपालीला, हे पटत नव्हतं. "लोके गंज काढतस, अन् तुम्ही लावतस!" ती म्हणायची. त्यात गेरू मी तिच्या मिक्सरमधून काढला आणि दुसऱ्या दिवशी लसणाची चटणी दाताखाली करकरली. झालं! फर्मान निघालं.

"एक तं हाई भंगार ऱ्हाई घरमा, नही तं मी ऱ्हासू!"

मग मी नियोजन केलं. आमचं ऑफिस कालव्यांचं. तिथे जुन्या फायलींची एक खोली आहे, जिच्यात वाळवीशिवाय कुणी जात नाही. यंत्र केळीच्या क्रेटमध्ये ठेवलं, क्रेट मोटरसायकलला बांधलं आणि सगळ्यांच्या आधी ऑफिस गाठलं. जेवणाच्या सुटीत दहा मिनिटांत पोळीभाजी आटपायची आणि उरलेला वेळ गंज. शनिवारी यंत्र उचलायचं, रविवारी विसरवाडीहून सुरतेची गाडी पकडायची. सुरतेला रंगकामाची स्पर्धा होती.

सेहेचाळीस वर्षांचा झालो मी. आवक-जावक सोडून हातून काय झालं, असं कुणी विचारलं तर दाखवायला माझ्याजवळ एवढंच होतं. बक्षीस नको होतं हो! एखाद्या परक्या माणसाने वाकून, निरखून बघितलं असतं तरी मला पुरे होतं.

शुक्रवारी आमच्या अधिकारी कहकशाँ मॅडम यांनी मला टपाल देऊन नंदुरबारला पाठवलं. चार वाजता थकून परत आलो, फायलींच्या खोलीत डोकावलो आणि दाराची चौकट धरली.

यंत्राच्या छातीवर, कवटीच्या बरोबर खाली, बोटभर जाड अक्षरांत पांढऱ्या ऑईलपेंटने लिहिलं होतं: ११२. रंग ओला होता. पहिल्या एकाचा ओघळ थेट गुडघ्यापर्यंत आला होता. शेजारी आमचा शिपाई नथ्थू रॉकेलमध्ये ब्रश धूत उभा.

"नथ्थू! हे काय केलंस?"

"सापडी गयं ना भाऊ! एकशेबारा नंबर सापडी गयं!"

आता हे तुम्हाला सांगायला हवं. सरकारी ऑफिसात दरवर्षी वस्तूंची पडताळणी होते. खुर्ची, पंखा, माठ, जे दिसेल त्यावर पांढरा नंबर पडतो. आमच्या यादीत एकशेबाराव्या नंबरला लिहिलंय, "यंत्र, लोखंडी, एक नग." तेहेतीस वर्षांपूर्वी कुणीतरी आणलं म्हणे. कसलं यंत्र, कशासाठी, कुणाला ठाऊक नाही. कुणी पाहिलेलंही नाही! दरवर्षी तेवढं एकच सापडत नाही, दरवर्षी जिल्ह्यावरून खुलासा मागतात आणि दरवर्षी आम्ही "शोध सुरू आहे" असं कळवतो. ते पत्र मीच लिहितो. सोमवारी येणारे पडताळणी अधिकारी नेमके त्याच दिवशी येऊन थडकले होते आणि नथ्थूने हौसेने सगळ्या खोल्या उघडल्या होत्या.

"अरे, ते माझं आहे!"

"तुमनं कसं व्हई भाऊ? नंबर शे ना त्याव्हर!"

"नंबर तू आत्ता टाकलास!"

"मंग? टाका ना! आते सरकारनं व्हई गयं."

सतरा वर्षं मीही याच पद्धतीने काम केलंय. मी तडक मॅडमच्या केबिनकडे निघालो, तर व्हरांड्यात, पेढ्यांचा पुडा हातात घेऊन आलेल्या सत्तारभाईंनी मला मिठीच मारली.

सत्तारभाई म्हणजे आमचे भांडारपाल, तीस तारखेला निवृत्त होणारे. बावीस वर्षांपूर्वी भांडाराचा चार्ज घेताना त्यांनी यादीवर न बघता सही केली. सगळेच करतात! पण त्या एका सहीपायी त्यांच्या पेन्शनचे कागद अडकले होते. यंत्र दाखवा, नाहीतर जबाबदार तुम्ही. सहा महिने हा माणूस गोदाम, गच्ची, कालव्यावरची चौकी पालथी घालत होता. शेवटी शेवटी तर स्वतःच्या घरी पलंगाखाली बघायचे!

"हेमकांतभाऊ! अल्लाहनी आयकी लिधं! मन्ही बायको चांदबी मन्हावरच वहीम लेवाले लागेल व्हती, का मीच कोठे इकी खादं म्हनीसन! आते फोन करा, तं रडाले लागी गयी!"

रडत तेही होते. माझा खांदा ओला झाला.

"सत्तारभाई, एक सांगायचं होतं..."

"सांगा ना भाऊ!"

मी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं. बघायला नको होतं.

"...पेढे कुठून आणलेत?"

मलाही रडू येत होतं, हे तुमच्यापासून लपवत नाही. पण रडायचा हक्क त्यांचा जास्त होता.

तेवढ्यात मॅडमनी हाक मारली. पडताळणी अधिकारी यंत्रासमोर उभे होते, नाकावर जाड भिंगांचा चष्मा. "हे आमचे हेमकांत," मॅडम कौतुकाने म्हणाल्या. "जुनं सगळं यांनाच माहीत."

"हे यंत्र नेमकं कशाचं?" साहेबांनी विचारलं.

दारात सत्तारभाई पेढ्यांचा पुडा छातीशी धरून उभे होते.

"प्रवाहमापक, साहेब," मी म्हणालो. "कालव्याचं पाणी मोजायचं."

"मग पाय कशाला?"

"गाळात उभं राहायला."

"आणि या नळ्या?"

"एकीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर."

"आणि ही कवटी?"

नथ्थूसुद्धा माझ्याकडे बघायला लागला.

"धोका, साहेब! विजेचा धोका!"

"बरोबर आहे," साहेब मान डोलावत म्हणाले. "पूर्वी सूचना अशा ठळक असायच्या."

मग त्यांनी चष्मा वर सरकवला आणि वाकून, अगदी नाक टेकेपर्यंत वाकून, बघितलं. "काय गंज आहे हो हा! पस्तीस वर्षांच्या नोकरीत असा गंज मी पाहिला नाही!"

"कुठल्या भागात जास्त वाटतो, साहेब?" माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"सगळीकडेच! या खिळ्यांभोवती बघा, कसा पसरलाय!"

एवढ्यासाठीच मी सुरतेला जाणार होतो! मी काही बोलणार, तोच साहेबांनी यंत्र उचलायला दोन्ही हात पुढे केले. लोखंडाचं असतं तर ते दोन माणसांना उचलवलं नसतं. हे तर केळीच्या दोन फण्यांएवढं! एकदा उचललं असतं, तर सत्तारभाईंचे सहा महिने पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले असते.

"हात लावू नका साहेब!" मी ओरडलो. "धनुर्वात होईल!"

साहेबांनी चटका बसल्यासारखे हात मागे घेतले. शेरा मारला, "अत्यंत गंजलेले, हाताळण्यास धोकादायक." सत्तारभाईंच्या कागदावर तिथल्या तिथे सही झाली. त्यांनी अख्खा पेढा माझ्या तोंडात कोंबला. तो मला गोड लागला नाही.

रिकामं क्रेट घेऊन घरी गेलो. "भंगार कोठे शे?" दिपालीने विचारलं. सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. ती हसली नाही.

"मंग खरं सांगी देवानं व्हतं ना."

"सत्तारभाईंचं काय झालं असतं?"

तिने रिकामं क्रेट उचलून कोपऱ्यात ठेवलं. रविवारी सकाळी बघतो, तर सुरतेला न्यायला म्हणून ठरवलेल्या दशम्या तिने तरीही केल्या होत्या. तापीच्या घाटावर बसून आम्ही दोघांनी त्या खाल्ल्या. ती गंजाबद्दल एक शब्द बोलली नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

सोमवारी मनाची समजूत घातली. स्पर्धा गेली तर गेली, वस्तू तर कुठे गेली नाही! जेवणाच्या सुटीत जाऊन बघता येईल. तो पांढरा नंबर सोडला तर काम जसंच्या तसं आहे. अशा विचारात व्हरांड्यात पाय ठेवला, तर समोर वर्तमानपत्रं अंथरलेली. त्यावर पॉलिश पेपर, कालव्याच्या दारांना मारतात त्या हिरव्या ऑईलपेंटचा डबा, आणि डोक्यापासून पायापर्यंत हिरवंगार झालेलं माझं युद्धयंत्र! कवटीसुद्धा हिरवी!

"मॅडमनी सांगं, धोकादायक शे तं घासीसन रंग मारी दे," नथ्थू घाम पुसत म्हणाला. "घासाले बसनू, तं दोन मिंटमा बठ्ठा गंज निंघी गया! निस्ता वरवरना व्हता!"

"बठ्ठा? सगळा?"

"बठ्ठा! अन् भाऊ, लोखंड बी कितलं हलकं! ठेकेदारनी तव्हयबी खादं व्हई!"

मी खाली बसलो. नथ्थू दोन पावलं मागे सरकला, मान तिरकी केली, एक डोळा बारीक केला आणि आपल्या कामाकडे बघत राहिला.

"कसं दिसस भाऊ?"

चौदा महिन्यांत रंगाबद्दल माझं मत विचारणारा हा पहिलाच माणूस. मी जवळ जाऊन वाकून बघितलं. गुडघ्यापाशी, जिथे पॉलिश पेपर जास्त चालला होता, तिथे हिरव्यातून राखाडी प्लॅस्टिक डोकावत होतं. व्हरांड्याच्या त्या टोकाला सत्तारभाई कागदांवर सह्या करत बसले होते. काहीतरी गुणगुणतही होते.

"दुसरा हात मार," मी म्हणालो. "खालचं दिसतंय."